पॅरालिसिसनंतर हातपाय आले, पण माणूस दिवसभर गळालेला. हा आळस नाहीये

ताई, तुम्ही लिहिलेलं सगळं नीट वाचलं. मिस्टर ४८ वर्षांचे, पाच महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली होती ती आता जवळजवळ पूर्ण आलीये, जिना चढतात, शर्टाची बटणं स्वतः लावतात, पण सकाळी अंघोळ करून आले की कॉटवर आडवे होतात ते जेवायलाच उठतात, संध्याकाळी कुणी भेटायला आलं की पंधरा मिनिटांत चेहरा उतरतो आणि आत निघून जातात, डॉक्टर म्हणाले रिपोर्ट चांगले आहेत, सासूबाई म्हणतात पडून पडून अंगात आळस भरलाय, आणि जिल्हा परिषदेतली रजा पुढच्या महिन्यात संपतेय. आणि शेवटी विचारलंय की ताकदीसाठी कुठलं टॉनिक चालू करू.

टॉनिक नको. मी मिरजेत बावीस वर्षं न्यूरो फिजिओथेरपी करतेय आणि हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो, फक्त तो येतो असा, की मॅडम तुम्ही जरा यांना रागवा, आमचं ऐकत नाहीत. पहिली काही वर्षं मी खरंच रागवायचे हो, खोटं कशाला सांगू. पेशंटचा पाय उचलतोय, ताकद चांगली आहे, मग दहा वेळा उठ-बस करायला काय होतंय, असं मला वाटायचं. कॉलेजात आम्हाला ताकद मोजायला शिकवली होती, तोल मोजायला शिकवला होता, थकवा कुणी शिकवलाच नव्हता.

स्ट्रोक, म्हणजे हाच पॅरालिसिसचा अटॅक, झालेल्या लोकांपैकी साधारण निम्म्यांना हा थकवा येतो. आणि तो अटॅक केवढा होता यावर ठरत नाही, हे घरच्यांना पटतच नाही. ज्याची एक बाजू पूर्ण गेली त्याला कमी असू शकतो आणि ज्याचा हात दोन दिवसांत परत आला त्याला भरपूर. उलट हात-पाय लवकर आलेल्या माणसाचे हाल जास्त होतात, कारण त्याच्याकडे बघून कुणाला काही दिसत नाही. काठी असती तर लोकांनी बसायला खुर्ची दिली असती.

आता हे का होतं. २०१९ च्या पुरात आपला सांगली-कोल्हापूर रस्ता बंद होता आठवतंय ना, ज्यांना जायचंच होतं ते कुठून कुठून वळसे घालून गेले, पोचले, पण डिझेल किती गेलं आणि वेळ किती गेला ते गाडीवाल्यालाच माहीत, पलीकडच्याला फक्त एवढंच दिसलं की माणूस पोचला. मेंदूचा जो भाग रक्त न पोचल्याने मेला तो परत जिवंत होत नाही, त्याचं काम आजूबाजूचे भाग शिकून घेतात आणि आडवाटेने करतात. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के असतो पण विश्रांतीत शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी वीस टक्के तोच खातो. त्यात पूर्वी जे आपोआप व्हायचं, म्हणजे चालता चालता बोलणं, टॉवेल गुंडाळता गुंडाळता साबण जागेवर ठेवणं, ते आता लक्ष देऊन करावं लागतं. तुमचे मिस्टर अंघोळ करून येतात ना, तेव्हा त्यांनी ओल्या फरशीवर तोल सांभाळलाय, तांब्या धरलाय, डोळ्यात साबण असताना उभे राहिलेत, गरम पाण्याने अंग सैल झालंय, मग ओल्या अंगावर बनियन ओढलाय (करून बघा एकदा डाव्या हाताने), आणि हे सगळं लक्ष देऊन. तुमच्या-माझ्या हिशोबात ती अंघोळ आहे, त्यांच्या हिशोबात सकाळचा निम्मा पगार तिथेच खर्च झाला. ज्यांचा पाय अजून ओढत असतो त्यांचं तर नुसतं चालणंच आपल्या दीडपट-दुप्पट महाग पडतं. एवढं एकच कारण असतं असंही नाही, झोप, औषधं, रक्त, मन सगळं त्यात मिसळलेलं असतं, त्याकडे येतेच.

पण त्याआधी आमच्या एका टेलरकाकांचं सांगते. अटॅकनंतर सहा महिन्यांनी मशीनवर बसायला लागले, हात उत्तम, सुईत दोरा स्वतः ओवायचे. म्हणाले, "मॅडम, पूर्वी पण मी दमायचो, सणाला रात्री दोन दोन वाजेपर्यंत शिवायचो, पण ते दमणं कसं, झोपलो की उतरायचं. हे दमणं नाही, हे असं आहे की कुणीतरी मागून येऊन मेन स्विच पाडतो." एक दिवस त्यांनी मला एक शर्ट दाखवायला आणला, कॉलर उलटी लागलेली. चाळीस वर्षांत कधी लागली नव्हती. ती त्यांनी उसवली नाही, तशीच दुकानात खिळ्याला टांगून ठेवली, कारण त्यांना कळलं होतं की स्विच पडायच्या दहा मिनिटं आधी काय होतं, आधी कात्री कुठे ठेवली ते सापडत नाही, मग गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येतं पण अर्थ लागत नाही, आणि मग कॉलर उलटी. आता कात्री सापडली नाही की ते मशीन बंद करतात. कॉलरपर्यंत थांबत नाहीत.

तुमच्या मिस्टरांची "कात्री" कुठली ते शोधा. कुणाला जांभया सुरू होतात, कुणाचा बरा झालेला पाय परत घासायला लागतो, कुणाचे शब्द अडकतात, बरेच जण चिडतात. तुम्ही लिहिलंय की मुलाने गणित विचारलं तर अंगावर ओरडले, ते किती वाजता झालं ते बघा, मला वाटतं संध्याकाळी सात-साडेसात.

आता तपासण्या. रिपोर्ट चांगले म्हणजे कुठले रिपोर्ट, हे आधी विचारा, कारण बरेचदा ते एमआरआय आणि कोलेस्टेरॉलबद्दल बोलत असतात. थकव्यासाठी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, डी व्हिटॅमिन, सोडियम, शुगर आणि किडनीसाठी क्रिएटिनिन बघायला लागतं. शाकाहारी माणूस आणि त्यात बरीच वर्षं शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर बी-१२ कमी निघण्याची शक्यता चांगलीच असते. सोडियमचं म्हणाल तर बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, त्यांनी ते उतरू शकतं, माणूस नुसता पेंगत राहतो आणि घरचे म्हणतात स्ट्रोकमुळेच असणार. यातलं काही निघालं तर ते दुरुस्त होण्यासारखं असतं, म्हणून हे आधी.

मग गोळ्या. तुम्ही जी यादी पाठवलीये त्यात फिटची गोळी आहे, लेव्हेटिरासिटाम, हॉस्पिटलमध्ये असताना एकदा फिट आली होती म्हणून चालू केलेली. त्या गोळीने कित्येकांना सुस्ती येते आणि चिडचिडही वाढते. बीपीसाठी मेटोप्रोलॉल आहे, तिनेही काहींना गळाल्यासारखं होतं. दुसऱ्या पेशंटमध्ये हात-पाय कडक होतात म्हणून दिलेली बॅक्लोफेन असते, दुखण्यासाठी प्रीगॅबालिन असते, या दोन्ही झोप आणणाऱ्याच. पण ताई, यातली एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, कृपा करून. फिटची गोळी एकदम तोडली तर फिट येऊ शकते, मेटोप्रोलॉल एकदम बंद केली तर हार्टला त्रास होऊ शकतो. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांनी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून, गोळ्यांची उष्णता होते म्हणून, रक्त पातळ करायची गोळी तीन आठवडे बंद ठेवली होती, ते परत आले तेव्हा दुसरी बाजू गेली होती. तुम्ही फक्त डॉक्टरांना विचारायचं की यातली कुठली सुस्ती आणतेय का, वेळ बदलता येईल का, डोस कमी होईल का. बरेचदा नुसती वेळ बदलून फरक पडतो.

झोपेचं वेगळं. तुम्ही एका ओळीत लिहून गेलाय की रात्री इतके घोरतात की मुलगा हॉलमध्ये झोपायला जातो. ती ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. स्ट्रोक झालेल्यांमध्ये निम्म्याहून जास्त लोकांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असतो, स्लीप ॲप्निया म्हणतात त्याला, घोरणं मध्येच थांबतं, काही सेकंद शांतता, मग एकदम गुदमरल्यासारखा मोठा श्वास. हे रात्रभर चालत असेल तर माणूस आठ तास झोपूनही न झोपल्यासारखाच उठतो, आणि बीपीही आटोक्यात राहत नाही. रात्री लघवीला किती वेळा उठतात तेही मोजा, चार वेळा उठणारा माणूस सकाळी कसा ताजा असेल?

आणि मन. स्ट्रोकनंतर साधारण तीनातल्या एकाला कधी ना कधी डिप्रेशन येतं आणि त्याचा थकवा वरून अगदी सारखाच दिसतो. मी ओळखते ते असं, की क्रिकेट लावलं तर बघावंसं वाटतं का, मुलगी फोनवर हसली तर हे हसतात का. करायची इच्छा आहे पण पेलत नाही, तर थकवा. इच्छाच गेलीये, कशातच मन लागत नाही, मी ओझं झालोय असं बोलतात, तर सायकियाट्रिस्टला दाखवायला उशीर करू नका. दोन्ही एकत्रही असतात. तुमच्या लिहिण्यावरून तरी मला थकवा जास्त वाटतोय, कारण मॅच बघायला उठतात म्हणालात (आणि सासूबाईंचा नेमका तोच मुद्दा आहे, की मॅच बघायला बरा उठतो!).

बरं, आता करायचं काय. घरात भिंतीवर कॅलेंडर असेलच, दुधाचा हिशोब लिहितो ते. त्याच्या चौकटीत दोन आठवडे रोज फक्त एवढं लिहायचं, किती वाजता गळाले आणि त्याच्या आधी काय केलं होतं. बाकी काही नाही, मोठी डायरी वगैरे कुणी पाळत नाही, मी बघितलंय. दोन आठवड्यांत तुम्हाला दिसेल की सगळ्यात वाईट दिवस हे सगळ्यात चांगल्या दिवसाच्या मागून आलेत. हीच मोठी चूक असते सगळ्यांची. मंगळवारी बरं वाटलं म्हणून बँकेत जाऊन आले, येताना भाजी आणली, दुपारी लग्नाला हजेरी लावली, संध्याकाळी राहिलेला व्यायाम केला, आणि मग बुध, गुरु, शुक्र कॉटवर. घरचे म्हणतात मंगळवारी तर केलं की सगळं, मग आज काय झालं. मंगळवार झाला, तेच झालं.

त्यामुळे चांगल्या दिवशी थांबायचं. हे सांगायला सोपं आहे पण पेशंटला फार जड जातं, कारण पाच महिन्यांनी पहिल्यांदा बरं वाटत असतं आणि आपण सांगतो बसा. तरी बसायचं. दमल्यावर विश्रांती घ्यायची नाही, दमायच्या आधी घ्यायची, ठरलेल्या वेळी, बरं वाटत असलं तरी. साधारण सकाळी अकराला अर्धा तास आणि दुपारी जेवणानंतर अर्धा-पाऊण तास, गजर लावून, आणि तीनच्या पुढे झोप नको नाहीतर रात्रीची झोप जाते. विश्रांती म्हणजे मोबाइल बघत लोळणं नव्हे हां, मोबाइल बघताना मेंदू कामच करत असतो, पडदा ओढून डोळे मिटून पडायचं.

अंघोळ सकाळी उठल्या उठल्या कशाला? कुणी सांगितलंय? सासूबाईंना पारोसं चालत नसेल तर मला कळतंय, पण विचारून बघा, कारण ज्यांची अंघोळ मी संध्याकाळवर ढकलली त्यातल्या बऱ्याच जणांना अख्खी सकाळ परत मिळालीये. ते जमत नसेल तर निदान बाथरूममध्ये प्लॅस्टिकची खुर्ची ठेवा, बसून अंघोळ, पाणी कोमट, कपडे बाहेर येऊन कॉटवर बसून घालायचे, घाई नाही. दाढी वेगळ्या वेळी आणि बसून.

व्यायाम बंद करायचा नाही, हे पण तितकंच सांगते, कारण थकवा आहे म्हणून महिनाभर पडून राहिलं की स्नायू उतरतात, दम कमी होतो आणि मग तेवढ्याच कामाला अजून जास्त शीण येतो. नेदरलँड्समध्ये २०१२ साली ८३ पेशंटवर एक अभ्यास झाला होता, बारा आठवडे, एका गटाला थकवा कसा सांभाळायचा ते शिकवलं आणि दुसऱ्या गटाला तेच शिकवून शिवाय हळूहळू वाढवत नेलेलं चालणं आणि ताकदीचे व्यायाम दिले, तर दुसऱ्या गटाला फायदा जास्त झाला. त्यातला "हळूहळू" हा शब्द आपल्याकडे गळून पडतो. तुमच्या मिस्टरांना मी सुरुवातीला सहा मिनिटं चालणं देईन, दिवसातून दोनदा, सपाट जागेवर, बीपी आटोक्यात असेल तर. आणि जमलं की नाही ते त्या दिवशी ठरवायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवायचं. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे उठले तर चार-पाच दिवसांनी एक मिनिट वाढवा. दुसऱ्या दिवशी गळाले तर एक मिनिट कमी. तुमचा फिजिओथेरपिस्ट रोज येऊन पाऊण तास घेत असेल तर त्याला सांगा वीस मिनिटांचे दोन भाग कर म्हणून, आणि त्या दिवशी सकाळी दुसरं मोठं काम ठेवू नका.

भेटायला येणारे लोक हा तर माझा फार जुना राग आहे. आठ जण येतात, नारळपाणी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन, सगळे एकदम बोलतात, प्रत्येकाच्या कुणा मावसभावाला अटॅक आलेला असतो त्याची साग्रसंगीत कथा, मागे टीव्हीवर सिरीयल, आत कुकरची शिट्टी. साध्या मेंदूला नको झालेले आवाज गाळून टाकता येतात, दुखावलेल्याला ते गाळायलाच सगळी शक्ती लागते. म्हणून ते आत निघून जातात. तो माणूसघाणेपणा नाहीये. टीव्ही बंद करा, एका वेळी दोन माणसं, वीस मिनिटं, आणि एकाने बोलताना दुसऱ्याने गप्प बसायचं. वाईटपणा तुम्ही नका घेऊ, खुशाल माझं नाव सांगा, फिजिओवाल्या मॅडमनी सक्त सांगितलंय म्हणून.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांनी मुलाला मरणाच्या दारातून परत आलेलं बघितलंय, तो आळशी आहे असं म्हणणं त्यांना सोपं जातंय कारण आळस घालवता येतो, आजार म्हटलं की भीती वाटते. मी अशा घरांत एक करते, कॅलेंडरची नोंद ठेवायचं काम आईकडेच देते. दोन आठवडे त्यांनी स्वतःच्या हाताने "अंघोळ, मग झोपला", "पाहुणे, मग झोपला" असं लिहिलं की मला काही समजवायला लागत नाही. बदाम-खारीक देऊ देत, शुगर नसेल तर.

औषधाचं. या थकव्यावर खात्रीची अशी गोळी नाही. मोडाफिनिल नावाची, झोप उडवणारी गोळी काही न्यूरोलॉजिस्ट निवडक पेशंटना देतात, २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या अभ्यासात, ३६ पेशंट होते, तिने थकवा कमी झालेला दिसला होता, पण ती बीपी वाढवू शकते त्यामुळे मेडिकलमधून आपली आपण आणायची वस्तू नाही. फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनची गोळी स्ट्रोकनंतर सगळ्यांना द्यावी का यावर ब्रिटनमध्ये ३१२७ पेशंटवर मोठा अभ्यास झाला, २०१८ मध्ये निकाल आला, डिप्रेशन कमी झालं पण हाता-पायांची रिकव्हरी काही वाढली नाही आणि हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. म्हणजे डिप्रेशन असेल तर त्यासाठी द्यायची, नुसत्या थकव्यासाठी नाही. आणि ताकदीची सलाईन, पिवळी इंजेक्शनं, पॅरालिसिसवर हमखास म्हणून गावोगावी मिळणारी औषधं, त्यावर पैसे घालवू नका, त्या पैशात स्लीप स्टडी, म्हणजे रात्री झोपेत श्वास अडकतो का ते बघायची तपासणी, होते.

नोकरीचं थोडक्यात. पुढच्या महिन्यात एकदम दहा ते सहा हजर होऊ नका. डॉक्टरांकडून हलकं काम आणि कमी वेळ असं स्पष्ट लिहून घ्या, "फिट टू जॉइन" एवढंच लिहिलं तर पहिल्याच आठवड्यात टेबलावर फाइलींचा ढीग पडेल. सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस, अर्धा दिवस, जमलं तर कोपऱ्यातलं टेबल, खिडकीवर लोकांच्या समोर बसायचं काम नको, किचकट बेरजा-बिरजा सकाळीच उरकायच्या. साहेब म्हणतील तोंडी सांगतो, तुम्ही कागदावर मागा. आणि कुणी राजीनाम्याचा आग्रह धरला तर घाबरून सही करू नका, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २० मध्ये आहे की सरकारी आस्थापनेतल्या माणसाला नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्याला काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. अर्थात त्यासाठी अपंगत्व कागदावर असावं लागतं, म्हणून सगळे पेपर जपा. टू-व्हीलरवर जायचं मात्र आत्ता नाही, फिट येऊन गेलेली आहे, न्यूरोलॉजिस्टने परवानगी दिल्याशिवाय किल्ली त्यांच्या हातात देऊ नका.

किती दिवस राहील विचारलंत. पहिल्या वर्षात बऱ्याच जणांचा कमी होतो, काहींचा वर्षानुवर्षं राहतो, टेलरकाकांना सात वर्षं झाली, ते अजून दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून पडतात आणि चारला परत उघडतात, धंदा चालू आहे.

एक गोष्ट वेगळी ठेवा. रोजचा थकवा हळूहळू चढतो आणि पडून राहिलं की थोडा तरी उतरतो. पण एकाएकी तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं, हात परत गळून पडला, एकदम तोल गेला किंवा दिसेनासं झालं, तर "दमले असतील, झोपू दे" म्हणायचं नाही, लगेच १०८ लावायचा आणि नीट कधीपर्यंत होते ती वेळ लक्षात ठेवायची, गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

आता दोन आठवडे कॅलेंडर भरा, त्याचा फोटो काढा, आणि रात्री घोरत असताना मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या, श्वास थांबतो तो भाग येऊ दे त्यात. न्यूरोलॉजिस्टकडे जाताना हे दोन्ही आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नुसतं "थकवा आहे" म्हणालात तर तिथे पाच मिनिटांत नंबर संपेल.